चालायला उशीर, बोलायला उशीर आणि राहून गेलेली एक रक्ततपासणी

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. तो एकोणिसाव्या महिन्यात चालू लागला आणि अजून दोन-दोन शब्दच जोडून बोलतो, म्हणून ‘विकास मंद आहे’ असे सांगून स्पीच थेरपी सुरू केलेली आहे. त्याला धावता येत नाही, तो वारंवार पडतो, जिना चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतो; पोटऱ्या मात्र भरदार आहेत. मागच्या पावसाळ्यात ताप आला तेव्हा केलेल्या तपासणीत एसजीपीटी (यकृताच्या तपासणीत मोजले जाणारे रक्तातले एक द्रव्य) वाढलेले, २६० निघाले आणि तेव्हापासून यकृताचे औषध चालू आहे. आईच्या थोरल्या भावाला लहानपणी ‘पोलिओ’ झाला होता, बाराव्या वर्षी त्याचे चालणे थांबले आणि एकोणिसाव्या वर्षी तो गेला. धाकटी बहीण सध्या गरोदर असून तिचा सातवा आठवडा चालू आहे. फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंनी ‘मस्क्युलर डिस्ट्रॉफी’, म्हणजे स्नायू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार, हे नाव उच्चारले. हा आजार इतक्या लहानपणी ओळखता येतो का, आणि बरा होत नसेल तर लवकर ओळखून उपयोग काय, असे त्या विचारतात.

होय, ओळखता येतो आणि या वयात तो ओळखला जायलाच हवा. मुलाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी निदान करणार नाही. परंतु उशिरा चालणे, भरदार पोटऱ्या, वाढलेले एसजीपीटी आणि मामाचे आजारपण या चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. त्यामुळे ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (याच आजाराचा बहुधा मुलग्यांना होणारा प्रकार) आहे असे धरूनच तपासणीला सुरुवात करावी. ती नाही असे ठरले तर तुमच्याइतकाच आनंद मलाही होईल. पहिली तपासणी रक्तातील सीपीकेची, म्हणजे क्रिएटिन कायनेजची. तिला उपाशीपोटी जावे लागत नाही, तालुक्याच्या गावच्या प्रयोगशाळेतूनही ती करून मिळते, खर्च काही शे रुपयांचा असतो आणि अहवाल बहुधा एक-दोन दिवसांत हातात येतो. ती उद्याच करून घ्या.

या एका आकड्यावर माझा इतका भर का, ते सांगतो. स्नायूंच्या पेशींच्या आवरणाला आतून आधार देणारे डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन असते. ते तयारच होत नसेल, तर स्नायू आकसताना, आणि जिना उतरताना किंवा उडी मारून जमिनीवर टेकताना तर फारच, त्या आवरणाला बारीक चिरा पडत राहतात आणि पेशीतील द्रव्ये रक्तात झिरपतात. सीपीके हे त्यांपैकी एक. निरोगी मुलात ते साधारण २०० युनिटांच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. ड्युशेन असलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलात ते बहुतेक वेळा दहा हजारांच्या पुढे जाते. ही गळती जन्मापासूनच चालू असते. मूल रांगायलाही लागलेले नसते, घरात कुणाला शंकाही आलेली नसते, तेव्हाही रक्तात हा आकडा चढलेलाच असतो. या वयात सीपीके अगदी नॉर्मल आले, तर ड्युशेनची चिंता सोडून देता येते. इतक्या कमी पैशांत इतके ठाम उत्तर देणाऱ्या तपासण्या आमच्या शास्त्रात फार नाहीत.

आता त्या एसजीपीटीविषयी. एसजीओटी आणि एसजीपीटी ही द्रव्ये यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात आणि स्नायूंची झीज होत असली की तीही रक्तात वाढतात. ड्युशेन असलेल्या मुलांत या वयात ती दोनशे-तीनशेच्या घरात असणे नेहमीचे आहे. परंतु प्रयोगशाळेच्या कागदावर ती ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ या मथळ्याखाली छापलेली असतात, त्यामुळे पाहणाऱ्याचे मन आपोआप यकृताकडे जाते. मग कावीळ नसतानाही हिपॅटायटिसच्या चाचण्या होतात, सोनोग्राफी होते, महिनोन्महिने यकृताचे औषध दिले जाते, आणि काही मुलांच्या बाबतीत तर यकृताचा तुकडा काढून तपासण्यापर्यंत मजल जाते. त्याच कागदावर बिलिरुबिन आणि जीजीटी हे आकडे पाहा. जीजीटी हे यकृताच्या तपासणीतलेच आणखी एक द्रव्य, पण ते स्नायूंतून येत नाही. ते नॉर्मल असून एसजीपीटी वाढलेले असेल, आणि मूल चालायला किंवा बोलायला उशिरा लागलेले असेल, तर पुढची तपासणी सीपीकेचीच असली पाहिजे.

दुसऱ्यांच्या चुका दाखवण्यासाठी मी हे लिहीत नाही, कारण हीच चूक माझ्याही हातून झालेली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी अडीच वर्षांचा एक मुलगा केवळ बोलत नाही म्हणून माझ्याकडे आला होता. मी त्याची श्रवणचाचणी करवली, नजरेला नजर देतो का ते पाहिले, स्वमग्नतेची प्रश्नावली भरून घेतली आणि घरी रोज काय करायचे ते आईला लिहून दिले. प्रत्येक भेटीत तो आईच्या मांडीवर बसलेला असे. वर्षभराने एकदा त्याच्या हातातली खेळण्यातली गाडी फरशीवर पडली आणि ती घ्यायला तो खाली बसला. उठताना तो आधी पालथा झाला, दोन्ही तळवे फरशीवर टेकवून पाय फाकवले, कुल्ले वर उचलले, आणि मग एक हात गुडघ्यावर व पुढे मांडीवर रोवून त्याने धड सरळ केले. त्याची आई कौतुकाने म्हणाली, “अगदी आजोबांसारखा उठतो.” त्या दिवशी पाठवलेले सीपीके कित्येक हजारांत आले. दरम्यान त्या घरात दुसरा मुलगा जन्मला होता आणि पुढे त्यालाही हाच आजार असल्याचे निघाले. तेव्हापासून, मूल कोणत्याही कारणासाठी आलेले असो, त्याला चड्डीवर आणि अनवाणी सतरंजीवर बसवून उठायला लावल्याखेरीज माझी तपासणी संपत नाही.

उठण्याच्या या पद्धतीला विल्यम गॉवर्स या इंग्रज वैद्याचे नाव आहे. त्यांनी १८७९ मध्ये तिचे वर्णन केले. पुस्तकांत तिचे जे चित्र असते, म्हणजे मूल स्वतःच्या पायांवर हातांनी चढत चढत उभे राहते ते, ती पुढची अवस्था आहे. तितकी वाट पाहू नये. तीन वर्षांच्या आतली निरोगी मुलेही उठताना कधी कधी पालथी होतात, म्हणून त्या वयात एवढ्यावरून काही ठरत नाही. पण तिसरे वर्ष उलटल्यावरही मूल दर वेळी पोटावर वळून उठत असेल, किंवा उठता उठता एक हात क्षणभर का होईना गुडघ्याला लावत असेल, तर ते लक्षण समजावे. आपल्याकडची एक सोय अशी की ही परीक्षा घरोघरी दिवसातून दहा वेळा आपोआप होत असते. मूल मांडी घालून जेवायला बसते, अंगणवाडीत पट्टीवर बसते, संडासात उकिडवे बसते, आणि प्रत्येक वेळी त्याला जमिनीवरून उठावे लागते. आपण पाहत नाही, एवढेच. तुम्ही आज मुलाला जमिनीच्या मधोमध, भिंत किंवा खुर्ची हाताशी येणार नाही अशा जागी बसवा, समोरून खेळणे दाखवून उठायला लावा आणि त्याची मोबाइलवर चित्रफीत घ्या. आणखी दोन चित्रफिती घ्या, एक धावतानाची आणि एक जिना चढतानाची. मग त्याला उताणे झोपवून फक्त डोके उचलून पोटाकडे पाहायला सांगा. मानेच्या पुढच्या बाजूचे स्नायू या आजारात फार लवकर दुबळे होतात आणि अशी मुले डोके उचलण्याऐवजी कुशीवर वळतात. दवाखान्यात मूल रडते, अंगाला हात लावू देत नाही. घरच्या दोन मिनिटांच्या चित्रफितीतून मला पुष्कळदा जास्त कळते.

भरदार पोटऱ्यांचे घरी कौतुक होते, ‘पैलवान होणार’ असे म्हटले जाते. त्या पोटऱ्या हाताला रबरासारख्या घट्ट लागतात आणि त्यांतील स्नायूंची जागा हळूहळू चरबी व तंतुमय ऊती घेत असतात. याच्या जोडीला चवड्यांवर चालणे, पोट पुढे काढून डुलत चालणे, दोन्ही पायांनी एकदम उडी मारता न येणे यांपैकी काही ना काही असते.

घरच्या मंडळींची फसगत करणारी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. या आजारात मूल सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत बहुधा सुधारत असते. स्नायूंची झीज चालू असली तरी वाढीचा वेग तिच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे काल न येणारी गोष्ट आज येते, आणि मालिश, टॉनिक, थेरपी किंवा नवस यांपैकी जे चालू असेल त्याला यश दिले जाते. आम्ही डॉक्टरही ‘प्रगती आहे ना, मग थांबून पाहू’ असे म्हणतो. प्रगती आहे एवढ्यावरून हा आजार नाही असे म्हणता येत नाही. ती प्रगती इतर मुलांच्या मागे किती आणि कशामुळे राहते, हा प्रश्न उरतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापांनुसार शंभरातली नव्याण्णव निरोगी मुले साडेसतरा महिन्यांच्या सुमारास स्वतंत्र चालत असतात. तुमचा मुलगा एकोणिसाव्या महिन्यात चालला, म्हणजे तेव्हाच कारण शोधायला हवे होते.

बोलण्याचा उशीर हा वेगळा आजार आहे असेही समजू नका. डिस्ट्रोफिन मेंदूतही असते, त्याची काही आखूड रूपे तर तिथे विशेष काम करतात, आणि त्यामुळे ड्युशेन असलेल्या मुलांपैकी अनेकांना बोलायला उशीर होतो, काहींमध्ये अतिचंचलता किंवा स्वमग्नता असते, काहींना पुढे वाचन-लेखन जड जाते. यातील कोणतीही गोष्ट वयाबरोबर स्नायूंसारखी झिजत जात नाही, हे मुद्दाम सांगतो; त्यासाठीची स्पीच थेरपी चालू ठेवा, तिचा उपयोग होतो. अडचण एवढीच की एकदा मुलाच्या कागदावर ‘विकासात विलंब’ किंवा ‘ऑटिझम’ असा शिक्का बसला की त्याचे पडणे, दमणे, जिन्यावर अडखळणे हे सगळे त्याच शिक्क्याखाली जाते. विकासात विलंब हे एक लक्षण आहे, ताप असावा तसे. त्याला निदान मानून थांबू नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच असे सुचवले की, हालचालींच्या विकासात मागे असलेल्या आणि स्नायूंचा ताण नॉर्मल किंवा कमी असलेल्या प्रत्येक मुलाचे सीपीके पाहावे. मी स्वतः एक पाऊल पुढे जाऊन, केवळ बोलण्यात मागे असलेल्या मुलग्यांचेही पाहतो.

तुमच्या भावाविषयी वाचून मी थांबलो. पोलिओचा लुळेपणा तापाबरोबर दोन-चार दिवसांत येतो, बहुधा एका पायात जास्त असतो, आणि त्यानंतर लहानपणी वाढत जात नाही. जो मुलगा आधी चालत होता, हळूहळू दोन्ही पायांनी अधू होत गेला आणि बाराव्या वर्षी बसला, त्याला पोलिओ नव्हता असे मला फार वाटते. ड्युशेनचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीला अशी दोन गुणसूत्रे असल्याने एकावरील दोष दुसऱ्याने बहुतेक भरून निघतो; मुलग्याला एकच असते आणि ते आईकडूनच येते. म्हणून या आजाराचा माग आजोळी लागतो. मामा, मावशीचा मुलगा, आईचा मामा यांच्याकडे पाहावे लागते. आपल्याकडे ‘घराण्यात कुणाला होते का’ असे विचारले की लोक वडिलांच्या कुळाचा विचार करतात आणि ‘नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतात. प्रश्न चुकीचा विचारला गेला, म्हणून उत्तर चुकले. आणि यात तुमचा काडीमात्र दोष नाही, हे घरातल्या प्रत्येकाने ऐकावे असे मला वाटते. साधारण एकतृतीयांश मुलांत तर आईत दोष नसतानाही बदल नव्याने घडतो.

सीपीकेचा आकडा आल्यावर काय करायचे ते सांगतो. तो हजारांत असेल तर थेट जनुकीय तपासणीकडे जावे. या जनुकाचे ७९ भाग आहेत आणि आजार असलेल्या दहापैकी सुमारे सात मुलांत त्यांतील एखादा किंवा अनेक भाग गळालेले किंवा दुप्पट झालेले असतात. एमएलपीए नावाच्या तपासणीत, साध्या रक्तनमुन्यावरून, ते कळते. त्यात काही सापडले नाही तर संपूर्ण जनुकाचे वाचन करतात. स्नायूंचा तुकडा काढण्याची वेळ आता क्वचित येते आणि सुया टोचून करायच्या ईएमजीची, म्हणजे स्नायूंच्या विद्युत तपासणीची, लहान मुलाला या कामासाठी बहुधा गरज नसते. सीपीके थोडेसेच, म्हणजे पाचशे-सातशे असेल, तर दंडात घेतलेले इंजेक्शन, नुकतीच झालेली मोठी पडझड किंवा विषाणूचा ताप यांनीही ते चढू शकते. थायरॉइड तपासावे आणि तीन-चार आठवड्यांनी सीपीके पुन्हा पाहावे. सीपीके नॉर्मल आले तरी मूल दुबळे असेल तर तपास तिथे संपत नाही. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीत, म्हणजे मज्जारज्जूतील चेतापेशींच्या आनुवंशिक आजारात, ते बऱ्याचदा नॉर्मलच असते. तिथे गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही आणि मूल बोलण्यात तरतरीत असते. मुडदूसही डुलत चालण्याचे कारण असू शकतो, पण ड-जीवनसत्त्व कमी निघाले म्हणून सीपीके पाहायचे टाळू नये, कारण या दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात. मुलींनाही स्नायूंचे इतर आनुवंशिक आजार होतात, आणि मामेबहीण-आतेभाऊ अशा नात्यात लग्न झाले असेल तर त्यांची शक्यता वाढते.

तुमचा दुसरा प्रश्न उपयोगाचा. निदान पक्के झाले तर, क्षमता घसरू लागण्याच्या आधी, बहुधा चौथ्या-पाचव्या वर्षी, स्टेरॉइड सुरू करतात. त्याने चालण्याची क्षमता सरासरीने दोन-तीन वर्षे अधिक टिकते, शिवाय श्वास आणि पाठीचा कणा यांनाही फायदा होतो. त्याआधी सर्व लसी, विशेषतः कांजिण्या आणि गोवराच्या, पुऱ्या करून घ्याव्या लागतात, आणि हा वेळ तुमच्याकडे आत्ता आहे. हृदयाचा इको निदानाच्या वेळी आणि नंतर दर वर्षी करायचा. पोटऱ्यांना ताण देण्याचे हलके व्यायाम रोज करायचे. उठाबशा, जिन्यावरून वारंवार चढ-उतार, जोराने रगडून मालिश हे बंद. आणि एक गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फाइलला लावा: टॉन्सिल, हर्निया, तिरळेपणा, कोणत्याही कारणासाठी भूल द्यायची झाली तर भूलतज्ज्ञांना हा आजार आधी सांगायचा, कारण सक्सिनिलकोलीन (भूल देताना स्नायू सैल करण्याचे औषध) आणि भुलीचे काही वायू या मुलांत जीवघेणे ठरू शकतात. चवड्यांवर चालतो म्हणून टाचेची शीर लांबवण्याचा सल्ला कुणी दिला, तर सीपीके पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्याच्यामार्फत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाता येते. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली मुंबईचे केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे. जनुकातील नेमका बदल माहीत असणे यापुढे अधिकाधिक महत्त्वाचे होणार आहे, कारण नव्या औषधांपैकी काही विशिष्ट बदलांसाठीच आहेत. ‘स्टेम सेल’ने बरे करतो असे सांगून लाखो रुपये मागणारे लोक निदान कळताच तुम्हाला शोधत येतील. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार या आजारासाठी तो मान्य उपचार नाही. घर गहाण टाकू नका.

शेवटी तुमच्या बहिणीविषयी. तिच्यासाठी वेळ आठवड्यांत मोजायचा आहे. भावाला आणि तुमच्या मुलाला हाच आजार असेल, तर तुमच्या आईपासून तो बदल तिच्याकडे आलेला असण्याची शक्यता निम्मी आहे. तिचे सीपीके नॉर्मल आले म्हणून ती सुटली असे समजू नये, कारण वाहक स्त्रियांपैकी बऱ्याच जणींत ते नॉर्मलच असते. तिच्यात नेमके काय शोधायचे हे तुमच्या मुलाच्या जनुकीय अहवालावरून ठरते, म्हणून आधी त्याचा नमुना जायला हवा. एमएलपीएचा अहवाल यायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात; वारेचा सूक्ष्म नमुना घेण्याची तपासणी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात होते, आणि ती हुकली तर सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलाची करता येते. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा लिंगसंलग्न आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात अशी तपासणी करण्याची मुभा देतो, म्हणून त्या भीतीने थांबू नका. सासरी काय आणि केव्हा सांगायचे, तपासणी करायची की नाही, आणि तिचा निकाल हाती आल्यावर काय करायचे, हे तिने आणि तिच्या नवऱ्याने अनुवंशशास्त्राच्या तज्ज्ञांशी बोलून ठरवावे. तुमच्या मुलाचे सीपीके वाढलेले निघाले, तर त्याच दिवशी तिला फोन करा, आणि जनुकीय तपासणीसाठी त्याचे रक्त द्याल तेव्हा तिलाही सोबत नेऊन तिचा नमुना तिथेच ठेवून या.